कापसाच्या खोलीतला कॅमेरा

जबाब

नाव : सौ. आशाबाई वामनराव काळबांडे, वय ४९ वर्षे, शिक्षण दहावी, व्यवसाय शेती व घरकाम, राहणार मौजे कारंजखेड, तालुका चांदूर बाजार, जिल्हा अमरावती.

मी समक्ष पोलीस स्टेशनला हजर राहून, महिला पोलीस उपनिरीक्षक वर्षाली मॅडम यांनी विचारल्यावरून जबाब लिहून देते की, मी वरील ठिकाणी माझे पती व सासू पार्बताबाई यांच्यासह राहते. नणंद माणिकबाई हिला बार्शीटाकळी येथे दिले आहे. माझी एकुलती एक मुलगी अपेक्षा, वय २५ वर्षे, ही अमरावतीला इंजिनिअरिंग करून दोन वर्षांपासून पुण्यात नोकरीस आहे.

माझी तक्रार पुण्यातील एका कंपनीविरुद्ध आहे. कंपनीचे नाव व पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे. सदर कंपनीने आम्हाला न विचारता इंटरनेटवरून आमच्या घरातला कॅमेरा पाहिला, माझ्या सासूचा व माझा फोटो घेतला आणि तो लोकांना पाठवला. माझी मुलगी त्याच कंपनीत नोकरीला आहे. हे मी सुरुवातीलाच लिहायला सांगितले आहे. माझे पती आणि अपेक्षा दोघेही बाहेर बाकावर बसले आहेत. पतीचे म्हणणे, फिर्याद दे पण पोरीचे नाव घेऊ नको, तिची नोकरी जाईल, उद्या तिचे लग्न जमायचे आहे. मी येताना त्यांना हो म्हटले नाही आणि नाही पण म्हटले नाही. नाव शेवटी घेऊ असे ठरवले असते तर माझ्याच्याने ते घेणे झाले नसते, म्हणून आधीच घेतले.

आमच्याकडे साडेचार एकर काळी जमीन आहे. त्यात कापूस घेतो. भाव नसला की आमच्या गावात कोणी कापूस विकत नाही, घरात भरून ठेवतो. पुढची खोली रिकामी करायची, दिवाण, टीव्ही मागे न्यायचा आणि आढ्याला लागेपर्यंत कापूस भरायचा. मग घरची माणसे मागच्या खोलीत दाटीवाटीने झोपतात आणि पाहुणा आला तर ओट्यावरच बसतो. कापसाने नाक चोंदते, अंगाला खाज सुटते, पण कोणी कुरकुर करत नाही, कारण वर्षाची कमाई त्या खोलीत असते. मागे एकदा गावातल्या एकाच्या घराची मागची खिडकी काढून कापूस नेला. तेव्हापासून ज्याच्या घरी कापूस त्याच्या घरी कॅमेरा, असे झाले आहे.

आमच्याकडे कॅमेरा मागच्या दिवाळीनंतर बसवला. चांदूर बाजारचा योगेश आमच्या भागात घरोघरी इंटरनेटची लाईन देतो, त्यानेच बसवून दिला. मोबाईलवर कापूस दिसावा म्हणून त्याने तो नेटला जोडला. पासवर्ड ठेवला नाही. लोक पासवर्ड विसरतात आणि ऐन जेवायच्या वेळी त्याला फोन करतात, म्हणून तो कोणाच्याच घरी ठेवत नाही, असे त्याने नंतर सांगितले. बसवताना आम्ही त्याला विचारले नाही. असे काही विचारायचे असते हेच आम्हाला ठाऊक नव्हते. माझे पती मात्र वावरातून दिवसातून चार वेळा मोबाईल उघडून कापूस पाहायचे. कापूस काय उठून पळून जातो का, म्हणून मी त्यांना चिडवत असे.

कापूस गुढीपाडव्यानंतर विकला. कॅमेरा काढला नाही. आमच्या गावात तो कोणीच काढत नाही, पुढच्या हंगामाला पुन्हा लागणारच असतो. त्याच उन्हाळ्यात सासूला लकवा मारला. डावी बाजू गेली, बोलणे थोडके राहिले. लघवीची नळी लावून दवाखान्यातून घरी पाठवले. पुढची खोली मोठी, खिडकी उत्तरेला, उन्हाळ्यात थंड राहते, म्हणून त्यांची खाट तिथे टाकली. कॅमेऱ्यासमोर टाकली असे आज म्हणता येते. तेव्हा आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात तो नव्हता. भिंतीवर पाल असते तसा तो होता. त्याच खोलीत मी सासूचे अंग पुसायची, लुगडे बदलायची, दार लावून आणि खिडकीला चादर अडकवून. दार लावत होते हे नक्की लिहा.

मॅडमनी मला फोटोत नेमके काय आहे असे विचारले. फोटो मॅडमना दाखवला आहे, तरी तोंडाने सांगावे लागते म्हणून सांगते. फोटोत माझी सासू खाटेवर आहे आणि मी वाकून तिचा उजवा हात खाटेच्या माचव्याला बांधत आहे.

त्यांचा उजवा हात चालतो. त्या हाताने त्या नळी ओढत. पहिल्यांदा ओढली तेव्हा रक्त गेले, अमरावतीला न्यावे लागले. नंतर आणखी एकदा न्यावे लागले. तिथल्या नर्सबाईने सांगितले की, एकटे सोडायची वेळ आली तर मऊ कापडाने हात सैल बांधत जा. मी जुन्या लुगड्याची पट्टी केली. स्वयंपाकाला बसायचे असले, वावरात डबा न्यायचा असला की बांधायची, आले की सोडायची. बांधताना सासू माझ्याकडे पाहत नसत आणि मी त्यांच्याकडे पाहत नसे. नर्सबाईने सांगितले म्हणून बांधला हे खरे आहे. कधी कधी त्या शांत पडल्या असतानाही, मला ओट्यावर बसून घोटभर चहा निवांत प्यायचा होता म्हणून बांधला, हेही खरे आहे. फोटो त्यातल्या कोणत्या दिवशीचा आहे ते मला ओळखू येत नाही.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात सदर कंपनीने योगेशला ईमेल केला. तुमच्या लाईनवरचे भरपूर कॅमेरे उघडे आहेत, आमची सेवा घ्या म्हणजे बंद करून देऊ, असे त्यात होते. सोबत एक अहवाल होता आणि त्यात अमरावती व अकोला जिल्ह्यांतील घरांचे, दुकानांचे नमुन्याचे फोटो होते. योगेश घाबरला आणि त्याने तो अहवाल जसाच्या तसा आपल्या ग्राहकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, ज्यांचे कॅमेरे असतील त्यांनी संपर्क करावा म्हणून. तो ग्रुप म्हणजे सात-आठ गावे आहेत. कंपनीने माझे आणि सासूचे तोंड पुसट केले होते. सासूच्या दंडावरचे गोंदण पुसट केले नव्हते, आमच्या भिंतीचा रंग केला नव्हता, माझ्या हातातली पट्टी तर अगदी स्वच्छ दिसत होती. आमच्या गावात माणूस पाठीवरून ओळखतात. तोंड झाकून काय उपयोग झाला?

दुसऱ्या दिवशी फोटो बार्शीटाकळीला पोचला. माणिकबाईचा फोन आला. ती एवढेच म्हणाली, "वयनी, माह्या मायले ढोरावानी बांधता का वो?" आणि फोन ठेवला. त्याच दिवशी ती एसटीने आली. आमच्या घरचे पाणीही घेतले नाही. पट्टी तिने स्वतः सोडून खिडकीबाहेर फेकली आणि मायच्या उशाशी बसून राहिली. दुपारून तिचा डोळा लागला आणि तेवढ्यात सासूने नळी ओढली. माणिकबाईने मला हाक मारली. आम्ही दोघींनी मिळून साफसफाई केली, डॉक्टर बोलावून नळी पुन्हा लावून घेतली. शेवटच्या एसटीने ती परत गेली. ती पट्टी मी खिडकीखालून उचलून आणली आणि धुऊन वाळत घातली. पट्टी टाकून दिली असती तर बरे झाले असते, पण मला ती लागणार होती.

माझ्या सासू महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेल्या आहेत. चालत्याफिरत्या होत्या तोवर त्यांनी रिद्धपूरच्या यात्रेची खेप चुकवली नाही. घरात विंचू निघाला तरी तो चिमट्याने धरून बाहेर सोडायला लावणारी बाई. फोटो आल्यावर पंथाच्या बाया भेटायला आल्या. दंडवत प्रणाम म्हणाल्या, तब्येत विचारली, आणि प्रत्येकीने आधी मनगट पाहिले. मनगटावर वळ नव्हता. मी सैलच बांधायची. पण ते सांगायला जावे तर बांधते हे आपल्या तोंडाने कबूल करावे लागणार, म्हणून मी आत जाऊन चहा मांडला. मी गावातल्या बचत गटाची अध्यक्ष आहे. त्या महिन्याच्या बैठकीला कोणी मला काही म्हटले नाही. माझ्याशी सगळ्या एकदम गोड बोलू लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

फोटो आला त्याच दिवशी मी अपेक्षाला फोन केला होता, कारण आमच्या घरात यातले कळणारी तीच. असे कोण करू शकते, पोलिसात जायचे का, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, मी बघते. त्यानंतर तिने चार-पाच दिवस फोन उचलला नाही. मग न सांगता घरी आली. बॅग खांद्यावरून न उतरवता ती म्हणाली की ते आमच्याच कंपनीचे काम आहे.

तिने मला जे समजावून सांगितले ते मला समजले तसे सांगते. इंटरनेटवर प्रत्येक कॅमेऱ्याला, प्रत्येक मशीनला घर नंबरासारखा एक नंबर असतो. कंपनीचे मशीन ओळीने त्या सगळ्या नंबरांवर जाऊन दार वाजवते. जे उघडते त्याची नोंद घेते. आम्ही कुलूप तोडत नाही, अशा कंपन्या जगभर रोज हेच करतात, चोरही तेच करतात, चोराच्या आधी आम्ही पोचलो तर त्यात वाईट काय, असे ती म्हणाली. तिची सांगण्याची पद्धत फार चांगली आहे. मला एवढेच विचारावेसे वाटले की इतक्या लोकांच्या घरात पाहिले त्यातल्या एकाला तरी आधी विचारले का. ती म्हणाली, "एवढ्या लोकांना कोण विचारत बसेल, आई?"

मी तिला जे बोलले ते मॅडमनी जसेच्या तसे लिहावे. मी म्हटले, "दार उघडं दिसलं तर बाहेरून आवाज द्यावा, अवो तुमचं दार उघडं हाय म्हणून. आतला फोटो काढून बाजारात कुलपं विकाले बसू नये." त्यावर तिने बॅग खाली ठेवली आणि मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धुतले.

संध्याकाळी तिने पुढचे सांगितले. कोणत्या भागापासून सुरुवात करायची यावर त्यांच्या ऑफिसात बैठक झाली होती. तेव्हा ती म्हणाली होती की आमच्या वऱ्हाडात लोक कापसावर कॅमेरे लावतात आणि कापूस गेला तरी काढत नाहीत, तिकडे उघडे कॅमेरे ढिगाने सापडतील. सगळे हसले आणि साहेबांनी तिला शाबासकी दिली. शाबासकी मिळाल्याचे तिने तेव्हाच फोनवर कळवले होते. कशाबद्दल ते मी विचारले नाही. मी बचत गटाच्या बायांना पेढे वाटले.

मी तिला विचारले की सासूचा फोटो कोणी निवडला. ती म्हणाली, ते दुसऱ्या विभागाचे काम आहे, अहवाल तिने पाहिला नव्हता, फोटो गावात फिरल्यावरच तिला कळले. मी यावर विश्वास ठेवला आहे. तिने आजीला ओळखले असते तर तो फोटो तिने जाऊ दिला नसता, हे मी तिची आई म्हणून सांगते. आजीच्या मांडीवर ती वाढली आहे. मी वावरात जायची तेव्हा तिला न्हाऊमाखू घालणारी आजीच.

दोन दिवसांनी सदर कंपनीच्या एका साहेबाचा फोन आला. नंबर योगेशने दिला असावा. फार अदबीने बोलला. फोटो अहवालातून काढला आहे, तुमचा कॅमेरा फुकट सुरक्षित करून देऊ, कायद्याने आमचे काही चुकलेले नाही, तरी तुम्हाला वाईट वाटले असल्यास दिलगीर आहोत, असे म्हणाला. मी अपेक्षाची आई आहे हे त्याला माहीत नव्हते. मी सांगितले नाही. कोणाची लाज वाटून सांगितले नाही, तिची की माझी, ते मला अजून उमगलेले नाही. मी त्याला विचारले की बाकीच्या घरांचे फोटो कुठे आहेत. तो म्हणाला, ते आमच्याकडे सुरक्षित आहेत. मी फोन ठेवला.

याच गोष्टीसाठी मी आले आहे. आमचा फोटो छापला म्हणून आम्हाला कळले तरी. ज्यांचे फोटो त्यांच्याकडे आहेत आणि छापले नाहीत, त्या बायांना कळलेलेच नाही की त्यांना कोणी पाहिले. त्याही दार लावूनच अंघोळ घालत असतील. कंपनीने कोणाच्या घरात पाहिले ते त्या त्या घरी सांगावे आणि ते फोटो नष्ट करावेत, एवढे पोलिसांनी करावे. मला दुसरे काही नको.

पतीशी माझा वाद झाला. ते म्हणाले, "पोरीचं नाव कावून घेतं? तिनं का मुद्दाम केलं?" मी म्हटले, मीही मुद्दाम केले नव्हते, पण माझा फोटो सात-आठ गावांत फिरला. वाद झाला त्याच दिवशी त्यांनी स्टुलावर चढून कॅमेरा काढला. भिंतीला भोके राहिली आहेत.

सासूला हे माहीत आहे का असे मॅडमनी विचारले. गावातले कोणीतरी सांगण्यापेक्षा मीच सांगावे म्हणून मी त्यांच्याजवळ बसून सगळे सांगितले, अपेक्षाचे सुद्धा. त्यांना सगळे समजते. त्यांनी विचारले, "कोनं पाह्यलं?" मी म्हटले, सगळ्यांनी पाहिले. त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला. त्या दिवसापासून त्यांनी नळीला हात लावलेला नाही. मी हात मोकळा ठेवते, तरी त्या तो स्वतःच पाठीखाली दाबून पडून राहतात. मी काढते, त्या पुन्हा घालतात. हे मला बघवत नाही.

एवढे सांगून झाल्यावर जबाब वाचून दाखवायची वेळ आली, तेव्हा तो अपेक्षाने वाचावा अशी मी विनंती केली. मॅडम म्हणाल्या, अशी पद्धत नाही. मी म्हटले, न विचारता आमच्या घरात पाहायची तरी कुठे पद्धत होती? मॅडमनी तिला आत बोलावले. माझे पतीही मागोमाग आले व दारात उभे राहिले. अपेक्षाने उभ्याने वाचले. हात बांधल्याच्या ठिकाणी तिचा आवाज बारीक झाला, मी मोठ्याने वाच म्हटले. बैठकीचे व पेढ्यांचे तिने न अडखळता वाचले. "तिने आजीला ओळखले असते तर" या वाक्याशी येऊन ती थांबली. मॅडमना वाटले शब्द लागत नाही, त्या पुढे होऊन दाखवू लागल्या.

अपेक्षा म्हणाली, "हे वाक्य चूक आहे. अहवाल पाठवायच्या आधी तपासायला माझ्याकडेच आला होता. मी आजीले ओळखलं होतं. हे माह्यं घर हाय, असं त्या सगळ्यायसमोर म्हणायची मले लाज वाटली, आई."

हे जबाबात घ्यायचे का, की तिचे वेगळे लिहून घ्यायचे, असे मॅडमनी मला विचारले. पती दारातून म्हणाले, राहू दे. मॅडमनी पाणी दिले. नंतर मी, इथेच घ्या, असे सांगितले. त्यावरून "तिने आजीला ओळखले असते तर" हे वाक्य, तसेच तिने अहवाल पाहिला नव्हता हा मजकूर पेनाने खोडला असून दोन्ही ठिकाणी शेजारी मी सही केली आहे. उरलेला जबाब अपेक्षाने शेवटपर्यंत वाचला.

हा जबाब माझ्या मुलीने मला वाचून दाखवला व मी तो पूर्ण ऐकला. तो आता माझ्या सांगण्याप्रमाणे राहिलेला नाही, परंतु खरा आहे.

सही/-
आशाबाई वामनराव काळबांडे

समक्ष
महिला पोलीस उपनिरीक्षक